मुंगीला काय दिसतं, काय कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत, कुठंही मुंग्यांवर बोलायला उभं राहिलं की प्रश्न साधारण तेच येतात. त्यातले निम्मे तर "मुंग्या घालवायच्या कशा" याच वळणावर जातात. तेही इथं घेतले आहेत, कारण मुंगीला जग कसं कळतं हे समजलं की त्यांची उत्तरं आपोआप मिळतात. जगभरात मुंग्यांच्या १४,००० हून जास्त जातींची नोंद झाली आहे, तेव्हा "मुंगीला असं असतं" म्हणून एकच उत्तर सगळ्यांना लावता येत नाही. जिथं जातीचा फरक महत्त्वाचा आहे तिथं तो सांगितला आहे.

मुंग्या आंधळ्या असतात म्हणतात. खरं आहे का?

बहुतेक मुंग्यांच्या बाबतीत नाही. जमिनीखालून टोळीनं फिरणाऱ्या काही लष्करी मुंग्या भारतात आहेत. त्यातल्या एनिक्टस वंशाच्या कामकरी मुंग्यांना डोळे नसतातच. बाकी बहुतेकांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक संयुक्त डोळा असतो. संयुक्त म्हणजे पुष्कळ नेत्रिका शेजारी शेजारी बसवलेल्या, आणि प्रत्येक नेत्रिका समोरच्या दृश्यातला एक ठिपका टिपणारी. ठिपके जितके जास्त तितकं चित्र रेखीव. चतुराच्या डोळ्यात अशा ३०,००० पर्यंत नेत्रिका असतात. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात भर उन्हात फिरणाऱ्या कॅटाग्लिफिस मुंगीच्या डोळ्यात हजारभर. आपल्या अंगणात पायाला कडकडून चावणारी बारीक लाल मुंगी शंभराच्या आतच भागवते.

म्हणजे लाल मुंगीला उजेड-अंधार कळतो, काहीतरी मोठं हललं हे कळतं, पण समोर जास्वंद आहे की जास्वंदीचं चित्र, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. डोंगळ्याचं चित्र त्यापेक्षा बरं, तरी आपल्या मानानं धूसरच.

याला एक झकास अपवाद आपल्या पश्चिम घाटातच आहे. हार्पेग्नॅथॉस सॅल्टेटर ही उडी मारणारी मुंगी. टॉमस जर्डन या ब्रिटिश डॉक्टरनं १८५१ साली तिचं वर्णन केलं. लांब चिमट्यासारखे जबडे आणि डोक्याच्या पुढच्या बाजूला आलेले मोठाले डोळे. ती एकटीच शिकारीला निघते, भक्ष्य नजरेनं हेरते आणि झेप घेऊन पकडते. सह्याद्रीच्या जंगलात पाचोळ्यावर एखादी मुंगी थबकून तुमच्याकडं मान वळवून बघतेय असं वाटलं, तर ती ही असू शकते. तो भास नसतो, ती खरंच बघत असते.

आपण जवळ गेलो की त्यांना कसं कळतं?

सावली, हालचाल, जमिनीची थरथर आणि आपला श्वास. वारुळाच्या तोंडाशी वाकून श्वास सोडला की आतल्या मुंग्या उसळून बाहेर येतात, कारण श्वासातली ऊब, ओल आणि कार्बन डायऑक्साइड त्यांना लगेच जाणवतात. मुंग्या बघायच्या तर श्वास बाजूला सोडायचा, ही पहिली सवय. कोयनेकडच्या झाडांवर पानं शिवून घर करणारे ओंबील मात्र नजरेनंही चांगले सावध असतात. हात जवळ नेला की पोट वर करून, जबडे फाकवून उभे.

मुंग्यांना रंग दिसतात का?

दिसतात, पण आपल्याला दिसतात ते नव्हेत. इंग्लंडचे जॉन लबक यांनी १८८० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. मुंग्या आपली पिल्लं उजेडात ठेवत नाहीत, अंधारात हलवतात. लबक यांनी त्यांच्या घरट्यावर प्रकाशाचा वर्णपट पाडला. मुंग्यांनी पिल्लं उचलली ती जांभळ्याच्या पलीकडच्या पट्ट्यातून, जिथं माणसाला काहीच दिसत नाही. म्हणजे अतिनील प्रकाश त्यांना दिसत होता. लाल पट्ट्यात मात्र त्या निवांत होत्या, जणू अंधारच आहे.

पुढच्या संशोधनातही हेच चित्र पक्कं झालं. बऱ्याच जातींच्या डोळ्यात अतिनील आणि हिरवा अशा दोन प्रकारच्या प्रकाशाला दाद देणाऱ्या पेशी असतात. काहींत तिसराही प्रकार सापडतो. लाल रंग जवळजवळ सगळ्यांच्याच हिशेबाबाहेर आहे. अतिनील दिसण्याचा मोठा फायदा असा की त्या प्रकाशात आकाश लखलखीत आणि झाडं-डोंगर काळेकुट्ट दिसतात, त्यामुळं क्षितिजाची कड एकदम ठसठशीत होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या मुंगीला किल्ल्यावरची झाडं वेगळी दिसणार नाहीत, पण डोंगराची रेघ नीट दिसू शकते.

डब्यात साखर आहे हे त्यांना बाहेरून कसं कळतं? वास येतो का?

साखरेला जवळपास वासच नाही, कारण ती हवेत उडत नाही. त्यामुळं साखरेच्या डब्याला मुंग्या लागतात त्या बऱ्याचदा योगायोगानं. टेहळणीला निघालेली एखादी मुंगी भटकत भटकत सांडलेल्या दाण्यावर येते, मिशांनी आणि तोंडानं चव घेते, आणि परत जाताना वाट आखून जाते. पुढची गर्दी त्या वाटेनं येते.

गूळ, काकवी आणि कंदी पेढे यांची गोष्ट वेगळी. त्यांना वास आहे, आणि तो वाऱ्यावर जातो. गुऱ्हाळावर मुंग्यांना कुणी आमंत्रण द्यावं लागत नाही. साताऱ्याहून पेढ्यांचा पुडा घेऊन निघालात आणि गाडीत तो उघडा राहिला, तर डंख सोसायची तयारी ठेवा.

त्या एका रेघेत कशा चालतात?

वासाच्या रेघेवर. शेतकऱ्यांना कामगंध सापळे माहीत असतात. मादी पतंगाच्या वासाचं रसायन ल्यूरमध्ये, म्हणजे सापळ्यातल्या आमिषात, घातलेलं असतं, त्याला नर भुलतो. तसलंच रसायन, म्हणजे फेरोमोन, मुंगी वाट दाखवायला वापरते. पोटाचं टोक जमिनीला टेकवत टेकवत ती घरी जाते आणि मागं अदृश्य रेघ ठेवते. दुसरी मुंगी तिच्यावरून जाते, तिलाही खाऊ मिळाला तर तीही रेघेवर आपली भर घालते. खाऊ संपला की कुणी भर घालत नाही, रेघ उडून जाते.

हे रसायन किती थोडं लागतं? अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या ॲटा मुंगीचं रसायन १९७१ मध्ये ओळखलं गेलं. संशोधकांच्या हिशेबानं त्याच्या १ मिलिग्रॅममध्ये पृथ्वीभोवती तीन फेऱ्या होतील एवढी लांब रेघ ओढता येईल.

या साध्या व्यवस्थेतून फार हुशार दिसणारी कामं होतात. १९८९ च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी घरटं आणि खाऊ यांच्यामध्ये एक आखूड आणि एक लांब असे दोन पूल ठेवले. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवरून गेल्या. आखूड पुलावरून येणं-जाणं लवकर होत असल्यानं तिथली रेघ आधी दाट झाली, आणि थोड्याच वेळात सगळ्या तिकडं वळल्या. एकीनंही अंतर मोजलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना 'अँट कॉलनी ऑप्टिमायझेशन' ही संगणकानं जवळची वाट शोधायची पद्धत अभ्यासाला असते, तिचं मूळ या पुलांत आहे.

घरात, दवाखान्यात भिंतीच्या फटीत राहणाऱ्या फॅरो मुंग्या तर "इकडं जाऊ नका" असाही वास सोडतात. ज्या फाट्यावर काही मिळालं नाही तिथं ही पाटी लागते. हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. त्याच मुंग्यांच्या वाटा घराकडून बाहेर जाताना साधारण ६० अंशांच्या कोनात फुटतात, त्या फाट्याच्या आकारावरूनच मुंगीला घर कुठल्या दिशेला आहे ते समजतं.

मग रेघ पुसली तर?

गोंधळ होतो. पुसलेल्या जागेच्या काठावर मुंग्या थबकतात, मिशा आपटत डावी-उजवीकडं फिरतात. थोड्या वेळानं एखादी धाडस करून पलीकडं जाते आणि वाट पुन्हा जोडली जाते. साबणाच्या पाण्यानं किंवा व्हिनेगरनं ओटा पुसला तर हा वेळ वाढतो. नुसत्या कोरड्या फडक्यानं मुंग्या झटकल्या तर रेघ तशीच राहते, आणि पंधरा मिनिटांत "परत आल्या बघा" सुरू होतं.

हळदीची रेघ ओढली की मुंग्या येत नाहीत. त्यांना हळद आवडत नाही म्हणून का?

सांगलीत हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याचा सूर "आमच्या हळदीत काहीतरी खास आहे ना?" असा असतो. हळदीला उग्र वास आहे, तो वाटेच्या वासावर चढतो. शिवाय पूड बारीक असल्यानं मुंगीचे पाय आणि मिशा भरतात. मिशा भरल्या की मुंगी चालायचं सोडून त्या साफ करत बसते. त्यासाठी तिच्या पुढच्या पायांवर बारीक कंगवा असतो. त्यामुळं थोडा वेळ उपयोग होतो. मग ती वळसा घालून येते. बाजारात मिळणाऱ्या मुंग्यांच्या खडूत कीटकनाशक असतं, तो प्रकार निराळा. स्वयंपाकघरात आणि रांगत्या पोराच्या हाताशी तो नको.

मिशा नक्की काय करतात?

मुंगीचं नाक, जीभ, बोटं आणि हवामानखातं, सगळं मिशांतच आहे. पुस्तकात त्यांना शृंगिका म्हणतात. कोपरात वाकलेला लांब दांडा आणि पुढं मणी ओवल्यासारखे भाग. बहुतेक जातींत मादीच्या मिशीत १२ पर्यंत भाग असतात, नराच्या मिशीत एखादा जास्त. त्यांवर हजारो सूक्ष्म केस, काही वासाचे, काही स्पर्शाचे, काही ओलाव्याचे, काही उष्णतेचे.

वास घेण्यासाठी लागणारे ग्राही, म्हणजे वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं, तयार करणारी जनुकं फळमाशीत साधारण ६०, मधमाशीत १७० च्या आसपास. मुंग्यांच्या अनेक जातींत ती ३००-४०० च्या घरात आहेत. सगळ्या कीटकांमध्ये हा आकडा दांडगा आहे.

दोन मिशांचा आणखी एक उपयोग. वासाच्या रेघेवर चालताना डावी मिशी डावीकडचा वास घेते, उजवी उजवीकडचा. ज्या बाजूला वास कमी पडतो तिकडून मुंगी आत वळते. एकच मिशी असलेली मुंगीही वाट धरते, पण वेडीवाकडी, रेघ सोडत आणि पुन्हा शोधत.

मिशाच नसतील तर? एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या ऑगस्ट फोरेल यांनी एरवी एकमेकींचे लचके तोडणाऱ्या वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांच्या मिशा काढून त्यांना एकत्र ठेवलं. त्या भांडल्या नाहीत. शत्रू कोण हे कळायचं साधनच गेलं होतं. २०१७ मध्ये दोन प्रयोगशाळांनी हेच काम मिशांना हात न लावता, जनुकात बदल करून केलं. एकीनं वापरली ती आपल्या घाटातली उडी मारणारी हार्पेग्नॅथॉस. वासाच्या ग्राहींना लागणारं एक जनुक बंद केल्यावर त्या मुंग्या घोळका सोडून एकट्याच भटकायला लागल्या, साथिणींचे वास त्यांना कळेनात. डोळे शाबूत होते, तरी मुंगी म्हणून जगणं जमेना. आमच्या मते मुंगीच्या नजरेबद्दलच्या सगळ्या कुतूहलाला या प्रयोगानं जागेवर बसवलं.

दोन मुंग्या समोरासमोर आल्या की थांबून काय बोलतात?

"तू कुठली?" एवढं तरी नक्की विचारतात. मुंगीच्या अंगावर मेणासारख्या हायड्रोकार्बनांचा पातळ थर असतो. प्रत्येक वारुळाचं मिश्रण थोडं वेगळं. मिशी टेकवली की वास जुळतो का हे कळतं. जुळला तर पुढं, कधी कधी तोंडाला तोंड लावून पोटातला पातळ खाऊही दिला जातो. नाही जुळला तर मारामारी किंवा पळ.

मेलेल्या मुंगीला उचलून नेतात. त्यांना दुःख होतं का?

मेलेली मुंगी त्यांना वासानं कळते, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. शरीर कुजताना ओलेइक आम्ल तयार होतं, तोच इशारा. एडवर्ड विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये हे दाखवलं. त्या आम्लाचा थेंब जिवंत मुंगीला लावला तर साथिणी तिला, पाय झाडत असताना, उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकतात. ती स्वतःला चाटून पुसून परत येते. वास गेला नसेल तर पुन्हा ढिगावर.

मुंग्यांना ऐकू येतं का?

कान नाहीत. हवेतून येणारा आपला आवाज, टीव्ही, लाउडस्पीकर, यातलं त्यांच्या वाट्याला फार काही येत नाही. पण पायांत, गुडघ्याच्या खाली, थरथर टिपणारं इंद्रिय असतं, आणि मिशीच्या बुडाशी दुसरं. जमीन, लाकूड, पान यांतून येणारी कंपनं त्या बरोबर पकडतात. लाकूड पोखरून राहणारे डोंगळ्यांचे भाऊबंद धोका दिसला की जबडे आणि पोट लाकडावर आपटतात, ते ऐकून, म्हणजे पायांनी ऐकून, बाकीच्या सावध होतात. काही जाती पोटावरच्या खवल्या एकमेकींवर घासून करकर करतात. पानं कापणारी मुंगी मातीत गाडली गेली तर अशीच करकर करते आणि वरच्या साथिणी तिला उकरून काढतात.

या भाषेची नक्कल करणारे ठगही आहेत. युरोपातल्या नीळ कुळातल्या एका फुलपाखराच्या अळ्या मुंग्यांच्या वारुळात राहतात आणि राणी मुंगीसारखा आवाज काढतात. मुंग्या त्यांची राणीसारखी बडदास्त ठेवतात. हे २००९ मध्ये उघड झालं. आपल्याकडच्या नीळ कुळातल्या कितीतरी फुलपाखरांच्या अळ्यांभोवतीही मुंग्या घुटमळताना दिसतात. त्या गोड स्रावाच्या मोबदल्यात राखण करत असतात.

मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो. त्यांना आधी कळतं?

आधी एक दुरुस्ती: तोंडात धरलेले पांढरे दाणे बहुतेक वेळा अळ्या आणि कोष असतात. अंडी त्याहून कितीतरी बारीक असतात.

मिशांवर ओलावा आणि तापमान जाणवणारे केस असतात, तेव्हा हवा दमट झाली हे मुंगीला आपल्याआधी कळू शकतं. पिल्लांना ठरावीक ओल आणि ऊब लागते, म्हणून त्या दिवसातून अनेकदा वरच्या-खालच्या खोल्यांत त्यांना हलवत असतात. पावसाळ्याच्या तोंडाला हवा बदलते, हलवाहलव वाढते, आणि दोन दिवसांनी पाऊस झाला की आपण त्यांना श्रेय देतो. पाऊस झाला नाही ते दिवस कुणी लक्षात ठेवत नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तर त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. मुंग्या दोन्हीकडं आहेत आणि अंडी-कोष दोन्हीकडं हलवतात.

पुराचंही तेच. सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा मिळतो, ४५ ला धोका. मुंगीला इशारा मिळतो तो वारुळाच्या खालच्या खोल्या ओल्या व्हायला लागल्या की. मग त्या पिल्लं घेऊन भिंतीवर, झाडावर, तुमच्या माडीवर येतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदीकाठच्या घरांत हेच झालं असणार, पण ते कोरड्या दिवशी केलेलं भाकीत नव्हे.

वाटेचा वास नसेल तर घर कसं सापडतं?

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सुंदर आहे, म्हणून जरा सविस्तर.

ट्युनिशियातल्या कैरवान गावात फेलिक्स सांची नावाचे स्विस डॉक्टर होते. फावल्या वेळात मुंग्या बघायचे. १९११ मध्ये त्यांनी घराकडं निघालेल्या मुंगीवरचा सूर्य फळीनं झाकला आणि विरुद्ध बाजूनं आरशातून सूर्याचं प्रतिबिंब दाखवलं. मुंगी वळली आणि उलट दिशेला चालायला लागली. सूर्य ही तिची होकायंत्राची सुई होती. सूर्य दिवसभर सरकतो, त्याचाही हिशेब तिच्याकडं असतो.

सूर्य ढगाआड गेला तरी अडत नाही. निळ्या आकाशातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एका ठरावीक दिशेत जास्त असतात, आणि ती दिशा सूर्याच्या जागेवर अवलंबून असते. आपल्याला हे दिसत नाही. कॅटाग्लिफिसच्या डोळ्याच्या वरच्या कडेच्या नेत्रिकांना दिसतं. रुडिगर वेनर या जीवशास्त्रज्ञानं अनेक दशकं याच एका मुंगीच्या मागं घालवली. ती खाण्याच्या शोधात शंभर मीटरहून लांबसुद्धा वेडीवाकडी फिरते, आणि खाऊ मिळाला की सरळ रेषेत बिळाकडं येते. गरम वाळूत वासाची रेघ टिकत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

दिशा झाली, अंतराचं काय? २००६ मध्ये वेनर आणि सहकाऱ्यांनी खाऊपर्यंत पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून पुढं जाऊन शोधायला लागल्या, आखूड पायांच्या अलीकडंच थांबल्या. मुंगी पावलांचा हिशेब ठेवते असं यातून दिसलं. "मोजते" म्हणताना मनात एक-दोन-तीन आणायचं नाही, पण पावलांची बेरीज कुठंतरी होत असते.

याशिवाय आसपासच्या दृश्याची आठवण असते. पहिल्यांदा बाहेर पडणारी मुंगी बिळाभोवती छोटे फेरे मारते आणि मध्येच थांबून बिळाकडं वळून बघते. ग्रीसमधल्या एका जातीवर २०१८ मध्ये केलेल्या प्रयोगात बिळाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र फिरवलं, तर तिची वळून बघायची दिशाही फिरली. म्हणजे शिकाऊ दिवसांत पृथ्वीचं चुंबकत्व कामी येतं.

आपल्याकडच्या डोंगळ्यांची वाट खोडावर, बांधावर ठरलेली असते. वास आणि ओळखीची जागा दोन्ही ते वापरतात.

रात्री डोंगळे कसे फिरतात?

उन्हाळ्यात ते मुद्दाम रात्री फिरतात, दुपारची तापलेली जमीन टाळायला. अंधारात वास आणि स्पर्श पुरतात.

द्राक्षाच्या वेलीवर मुंग्या चढताहेत. त्या द्राक्षं खातात का?

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून दरवर्षी हा प्रश्न येतो. मुंग्या बहुधा मिलीबग किंवा माव्याच्या मागं आलेल्या असतात. हे किडे रस शोषून गोड चिकटा टाकतात, मुंगी मिशीनं त्यांच्या पाठीवर थोपटून तो मागून घेते. या "गुरां"चा वास ती शिकते आणि त्यांच्यावर येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावते. म्हणजे मिलीबगला फुकटचे राखणदार मिळतात आणि चिकट्यावर काळी बुरशी वाढते ती वेगळीच.

मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याच्या अळीनं यावर तोड काढली आहे. तिच्या अंगावर मिलीबगसारखेच पांढरे मेणाचे धागे असतात आणि मुंग्या तिला बऱ्यापैकी सोडून देतात. शेतात ती दिसली तर मिलीबग समजून मारू नका. मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला आणि मांडवाच्या आधारांना चिकट पट्टी लावतात ती योग्यच, फक्त जमिनीला टेकलेली एखादी फांदी राहिली तर सगळी पट्टी वाया. टेहळणी करणारी मुंगी तोच पूल शोधून काढते.

लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे मधुमेह?

आपल्या जुन्या वैद्यांनी ही खूण नोंदलेली आहे, आणि तिला आधार आहे. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरमागं साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते. पण मुंग्या लघवीतल्या युरियासाठी आणि क्षारासाठीही येतात, आणि साखर वाढूनही मुंग्या न येणं सहज शक्य आहे. रक्त तपासून घ्या.

कर्करोगाचा वास मुंग्यांना येतो, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर अर्धा खरा आहे. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये फॉर्मिका फुस्का जातीच्या मुंग्यांना प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींचा वास साखरपाण्याचं बक्षीस देऊन शिकवला गेला, आणि त्या तीन खेपांत शिकल्या. रुग्णाची तपासणी त्यातून होत नाही.

मुंगीसारखा दिसणारा कोळी मुंग्यांना फसवतो का?

तो फसवतो पक्ष्यांना आणि गांधीलमाश्यांना, ज्या नजरेवर चालतात आणि मुंगी खाणं टाळतात. पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवतो, झकास जमतं. मुंग्यांना मात्र त्याच्या अंगाचा वास मुंगीचा नाही हे कळतं, म्हणून तो त्यांच्या वाटेच्या कडेनं, अंतर राखून फिरतो. वारुळाशेजारी आठ पायांची "मुंगी" सापडली तर ती हीच.

पहिल्या पावसानंतर उडतात त्या मुंग्याच का?

काही मुंग्या, काही वाळवी. चारही पंख सारखे आणि मिशा सरळ असतील तर वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या असतील तर मुंगीचे नर आणि होऊ घातलेल्या राण्या. त्यांचे डोळे कामकऱ्यांपेक्षा मोठे असतात आणि कपाळावर तीन साधे डोळेही असतात. उडायला नजर लागते. पुढं राणी पंख टाकून अंधाऱ्या बिळात जाते आणि तो सगळा सरंजाम फारसा उपयोगाचा राहत नाही.

उडी मारणाऱ्या हार्पेग्नॅथॉसमध्ये तर कामकरी मुंगी अंडी घालायला लागली की तिचा मेंदू साधारण पाचव्या हिश्श्यानं आक्रसतो. शिकार बंद, मग एवढा मेंदू कशाला पोसायचा? तिला परत कामकरी व्हावं लागलं तर तो पुन्हा वाढतो, हे २०२१ मध्ये दिसून आलं.

जतकडं वारुळाभोवती भुश्याचं कडं दिसतं. ते काय?

दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांचा कोंडा. गवताचं बी आत नेतात, टरफल बाहेर फेकतात. दख्खनमध्ये काम करणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्स यांनी १८३५ मध्ये छापलेल्या निबंधात पुण्याकडच्या अशा मुंग्यांचं वर्णन आहे. पावसात भिजलेलं बी त्या उन्हात वाळवायला बाहेर काढतात, हे त्यांनी बघितलं होतं. त्याच निबंधात दुसऱ्या एका मुंगीचा किस्सा आहे. मिठाईच्या मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यात ठेवूनही मुंग्या येत राहिल्या. त्या भिंतीवर चढून वरून मेजावर पडत होत्या. त्या मिठाई बघून नेम धरत होत्या असं समजायचं कारण नाही. भिंतीवर भटकणाऱ्या पुष्कळ मुंग्यांतल्या काही पडल्या, काहींना गोड मिळालं, एवढ्यानंही हे घडू शकतं.

घरी काही करून बघता येईल का?

येईल. मुंग्यांच्या चालू वाटेवर पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा. अर्ध्या-एक तासात वाट कागदावरून जायला लागेल. मग कागद हलकेच काटकोनात फिरवा. कागदाच्या कडेला येऊन मुंग्या अडतात, आणि कागदावरच्या काही जुन्या रेघेनं चुकीच्या बाजूला जातात. दुसरा कोरा कागद ठेवून तुलना करा, नाहीतर त्या नुसत्या कागदाला बिचकल्या की रेघेला, हे कळणार नाही.

रात्री डोंगळे बघायचे तर टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर दुहेरी लावा. पांढऱ्या झोतात ते पांगतात, लाल उजेडात आपलं काम चालू ठेवतात. आणि चप्पल नको, बूट घाला. लाल मुंग्यांचं बीळ नेमकं आपण उभे असतो तिथंच निघतं.